डिफरन्शियलला मारलेलं वेल्डिंग
गिअर ऑइलचा तो उग्र, गंधकासारखा वास आला की मला आजही एका जागी बसवत नाही. अकोल्यातल्या मिस्त्रीच्या शेडमध्ये वडिलांच्या जुन्या जीपचं डिफरन्शियल, म्हणजे वळणावर मागच्या दोन चाकांना कमी-जास्त फिरू देणारे गिअर, उघडून ठेवलं होतं. आठ दिवसांवर रॅली होती, ती काळ्या चिखलातली. चिखलात चालेल असं वेगळं डिफरन्शियल मागवायला महिना लागणार होता, आणि मला तेवढा दम नव्हता. "आतले गिअर वेल्डिंग मारून जाम करून टाका, दोन्ही चाकं संगंच फिरतीन," मी म्हणालो. मिस्त्री म्हणाले, "चिखलात मस्त चालन, भाऊ. पन वळनावर अडन, अन् मंग हे खुलत नाई." मी हो म्हणालो. रॅलीत जीप दुसऱ्याच नाल्यात रुतून बसली. दोन दिवसांनी वडील तीच जीप घेऊन भाजीबाजारात निघाले, तेव्हा मी शेजारी होतो. गल्लीच्या कोपऱ्यावर टायर करकरले, स्टिअरिंग ओढता ओढता त्यांना घाम फुटला. घरी येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "माह्या हातात आता जोर नाई राह्यला. तूच चालवत जाय." वेल्डिंगचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं; किल्ली तेवढी खिशात घातली. पुढं ती जीप विकली, तरी ते पुन्हा कुठल्याच स्टिअरिंगला बसले नाहीत. आजही ते माझ्या डावीकडे बसतात, आणि प्रत्येक वळणावर खरं माझ्या तोंडाशी येतं.