छत्रीनं थांबवलेली गाडी

ही गोष्ट लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आमच्या घरात ती वेगळ्याच तऱ्हेनं सांगितली जाते आणि तशी सांगितली की हशा चांगला पिकतो. सासऱ्यांनी साखळीला छत्री टांगली आणि अख्खी एक्सप्रेस थांबवली! बायको आजही नातवंडांना हे हातवारे करून सांगते. मी हसतो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत गाडी उशिरा येण्याची कारणं सर्वांना पाठ होती. सिग्नल मिळाला नाही, रुळावर म्हशी आल्या, मालगाडीला आधी सोडलं, थंडीत धुकं. उरलेलं कारण आम्ही स्वतः. भोपाळच्या अलीकडचं मंडीदीप स्टेशन मागे पडलं की वसाहतीच्या जवळपास कोणीतरी साखळी ओढायचं, म्हणजे मोठ्या स्टेशनापर्यंत जाऊन टेम्पोनं उलटं यायला नको. कोणी ओढली हे कोणी विचारत नसे. उतरत मात्र सगळे.

लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांना नागपूरहून घेऊन येत होतो. ते निवृत्त हेडमास्तर. कारखान्यात माझी दुसरी पाळी होती आणि त्या दिवशी नेमकं कोणी साखळी ओढेना. बाबा खिडकीशी पेंगत होते. छत्री त्यांनी साखळीच्या दांड्याला अडकवलेली. मी वरच्या बर्थवर आडवा होतो. हात लांबवला आणि ओढली.

गाडी थांबली. गार्ड आला. "किसने खींची?"

सगळ्यांच्या नजरा झुलणाऱ्या छत्रीकडे गेल्या. बाबा दचकून जागे झाले, वर पाहिलं आणि शाळा तपासणीला साहेब आल्यावर राहावं तसे उभे राहिले. "छाता हमारा है. गलती हमारी."

गार्डानं त्यांचे पांढरे केस पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बाबूजी, ये खूंटी नहीं है!"

मी खाली उतरलो, त्यांची ट्रंक उचलली. पाळीला वेळेवर पोचलो.

गार्डाचं ते वाक्य वसाहतभर झालं. बाबा दरवर्षी यायचे आणि शेजारी दरवर्षी विचारायचे, "काय बाबूजी, यंदा कौनसी गाडी रोकी?" इतके इंजिनिअर राहत होते तिथे, पण पावशेर वजनाच्या छत्रीनं साखळी कशी ओढली जाईल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाबाही हसायचे. गाडी लेट झाली की म्हणायचे, "माझ्यासारखा कोणी म्हातारा बसला असेल, जावईबापू."

पण हळूहळू ते नळ बंद केला का, हे मुलीला पुन्हा पुन्हा विचारू लागले. घराची किल्ली जवळ ठेवेनात. "नको बाई, माझ्या हातांचा भरवसा नाही. तुला माहीत आहे." तीही हसायची. मला तेव्हापासून ते हसणं जड जाऊ लागलं.

एकदा त्यांना पोचवायला गेलो तेव्हा ठरवलं, आज फलाटावर सांगून टाकायचं. ती गाडी कधीच वेळेवर नसे, त्याच भरवशावर होतो. त्या दिवशी ना म्हैस आडवी आली, ना सिग्नल. वेळेवर आली, वेळेवर निघाली. बाबांची भोपाळची ती शेवटची खेप ठरली.

मी खिडकीबरोबर चालू लागलो. "बाबा, ती छत्री..."

त्यांनी मांडीवरची छत्री उचलून दाखवली. "आहे, आहे! विसरलो नाही, जावईबापू!"