न्हाणीमागचा मांडव

लग्न होऊन मी तेल्हाऱ्याकडच्या त्या गावी आले, तेव्हा कापसाने सगळ्यांना वेड लावले होते. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यापायी आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ज्वारीच्या वावरांतही कापूसच पेरला. सासूबाई आधीच वारल्या होत्या. घरात बायका दोघीच, मी आणि माझी थोरली जाऊ.

तिचा नवरा कापसाच्या गाड्यांबरोबर खानदेशात गेला होता. आगगाडी तेव्हा तिथवरच आली होती. परतलेल्या गाडीवानांनी सांगितले की वाटेत त्याला पटकी झाली आणि मुक्कामावरच अग्नी द्यावा लागला. त्याची गाडी दुसऱ्याने हाकत आणली. जाऊने आधी बैलांना पाणी दाखवले, मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. किती तरी दिवस तिचा आवाज मी ऐकला नाही.

घरामागे तिचे परसू होते. तिथे वांगी, मेथी, भोपळा असे काहीबाही ती लावायची. त्या साली कापूस ठेवायला जागा पुरेना, म्हणून मामाजींनी परसू साफ करवून तिथे गंजी रचायला लावली. उरली ती न्हाणीमागची, भिंतीलगतची हातभर पट्टी. मला वाटले, आता ही पार खचेल. पण ती सकाळी उठून त्या पट्टीत आळी करू लागली.

"एवढ्याशा जागेत काय येईन?" मी विचारले.

"खाली जागा नाई, पन वरतं तं हाय," ती म्हणाली.

पडक्या गोठ्यातले बांबू आम्ही दोघींनी ओढत आणले, भिंतीलगत रोवले आणि आडव्या काठ्या बांधून वर छोटा मांडव घातला. अंबाडीची दोरी तीच वळायची. दोडका, कारले, वाल, सगळे तिने न्हाणीच्या पाण्यावर वाढवले. वेल बांधताना गाठ काठीला घट्ट, वेलाला सैल. मधून करंगळी गेली पाहिजे, असे ती मला दाखवायची. भोपळा जड झाला की त्याला दोरीचे शिंके करून टांगायची, म्हणजे देठ तुटत नसे. त्या कामात असली म्हणजे ती थोडे बोलायची. नवऱ्याबद्दल कधीच नाही.

भिंतीपलीकडे पिंजाऱ्याचे घर होते. वेल तिकडे उतरले तेव्हा पिंजारीण हाक मारून म्हणाली, "बाई, तुमचे दोडके आमच्याकडे येऊन राहिले." जाऊने सांगितले, इकडचे आमचे, तिकडचे तुमचे. त्या वर्षी ज्वारी मिळेनाशी झाली होती, कारण पेरलीच कोणी नव्हती. दोन्ही घरांची चूल पुष्कळ दिवस त्या मांडवावर चालली.

मग लढाई संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळला. गंजी तशीच पडून राहिली. पावसाने भिजली, आतून तापली, आणि घरभर कुजका वास भरला. मामाजी कोणाशी धड बोलेनात. एक दिवस त्यांनी जाऊच्या भावाला वरूडहून बोलावून घेतले आणि हिला घेऊन जा म्हणून सांगितले. घरात दाणा नाही, हे कारण दिले. माझा नवरा खाली मान घालून बसून राहिला.

निघताना ती मामाजींपुढे उभी राहिली. एवढेच म्हणाली, "वेल तोडू नका. पलीकडची लेकरं खाऊन राहिली."

गाडी निघाली तेव्हा तिने मागे वळून पाहिले नाही. मी वेशीपर्यंत चालत गेले.

पुढच्या बाजाराआधी मामाजींनी गाड्यांच्या बाजूंना लावायच्या तट्ट्यांसाठी ते बांबू उपटून काढले. मांडव वेलांसकट खाली आला. कारल्याच्या वेलांवर अजून पिवळी फुले होती. पिंजारीण भिंतीपाशी येऊन उभी राहिली आणि आत गेली.

जाऊ माहेरी फार जगली नाही. तापाने गेली, असा निरोप होळीच्या सुमाराला आला. मामाजींनी आंघोळ केली आणि वावरात निघून गेले. मी न्हाणीत बसून रडले, कारण घरात दुसरीकडे रडायला जागा नव्हती.