बोक्याचं पोट आणि माझा डावा हात

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसत आलोय. जनावरांचा डॉक्टर आहे, पालघरला दवाखाना. माझी श्रद्धा फक्त थर्मामीटरवर. म्हणून हे लिहितानाही डोकं तापतंय...

पालघरजवळच्या माहीम गावच्या यमुनाताई मासळी सुकवून विकतात. त्यांनी बोका पिशवीतून आणला. "कालपासून बसतो नि उठतो, काय होत नाय."

आमच्या किनाऱ्यावर बोका कुंथतोय म्हणजे सुक्या बोंबलाचं बद्धकोष्ठ – हे लोकांनाही पाठ, मलाही. शी अडलीय की लघवी, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. पोट चाचपायला गेलो तर हात लागायच्या आतच बोक्याने मनगट ओरबाडलं. त्यात मागे बोईसरचे एक साहेब, पर्शियन मांजरीचे केस गळतात म्हणून घड्याळ बघत उभे! मी रुबाबात बोक्याच्या तोंडात जुलाबाचं औषध पिळलं आणि ताईंना वाटेला लावलं.

साहेब गेले. चहाचा ग्लास धरायला गेलो तर डावी मूठ मिटेना. तळव्यात काहीतरी होतं – कच्च्या चिकूएवढं, टणक, गरम. दिसत मात्र काहीच नव्हतं. कंपाउंडरला बोटं दाबायला लावली.

"हात तर मोकळा हाय, सर. मग दाबली का जात नाय?"

तुंबलेलं मूत्राशय हाताला असंच लागतं. पण या बोक्याच्या पोटाला मी हात लावलाच नव्हता. आणि लघवी तुंबलेला बोका फार तग धरत नाही.

ताईंचा फोन लागेना. बॅग घेतली, एका हाताने कशीबशी स्कूटर हाणली. माहीमला बोका ओट्यावर आडवा, ओरडायचंही त्राण नाही. पोटाखाली हात घातला... तेच. तेवढंच. भूल दिली, नळी घातली. रक्ताळलेली लघवी आली, वाळूसारखी खर आली. मूत्राशय रिकामं होत गेलं तशी माझी बोटं मिटत गेली.

यमुनाताई कमरेवर हात ठेवून उभ्या. "दवाखान्यात पोटाला हात नाय लावला तुमी. मी बघत होते. मग आता कसं कळलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाय, तर डॉक्टर कशाला झाला?"

बोका जगला. मित्र म्हणतात, मनाचा खेळ. असेल. पण मनाला आकार कुठून कळला? ज्या कोणी माझ्या हातात ते ठेवलं, त्याचे उपकार मानायला हवेत म्हणे. मी मानणार नाही. बोका माझ्या टेबलावर, माझ्या हाताखाली होता, तेव्हा हा ठेवणारा कुठे झोपला होता?