अमीनसाहेबांसमोर अनवाणी

आम्ही जुने जवान जमलो की भुजंगरावांचे किस्से निघतातच. एक जण सुरू करतो, दुसरा त्याला मध्येच तोडतो, तिसऱ्याला भलताच आठवतो. निजामाच्या पोलिसात ते आमचे अमीन, म्हणजे ठाण्याचे मुख्य साहेब होते. पुढं हैदराबादच्या असेंब्लीत जाऊन बसले. माणूस एकच, युनिफॉर्म दोन! हसून हसून पोट दुखतं आणि मग कुणीच कुणाकडं बघत नाही. कारण तेव्हा त्यांच्या मागं आम्हीच उभे होतो.

*

दौऱ्यावर साहेबांना झोपायला बाज गावानं द्यायची आणि पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायची, असा रिवाज. तिथून पुढचं गाव आपली बाज देई. साखऱ्याच्या पाटलाची बाज मात्र साहेबांच्या पाठीला फार मानवली. शिव आली तरी सोडेनात. मग तीच पुढच्या गावानं उचलली, त्यांच्याकडून त्याच्या पुढच्यानं. परतताना बघतो तर पाटील कंबर धरून उभे.

"काय झालं, पाटील?"

"काई न्हाई साहेब. भुईवर झोपून राहिलो. बाज दौऱ्यावर गेली व्हती."

साहेब खो खो हसले. बाज वाहणाऱ्यांचे खांदे सोलून निघाले होते, त्यांच्याकडं आम्ही पाहिलं नाही.

*

साहेबांसमोर जोडे काढून उभं राहायचं, हा दुसरा रिवाज. तांड्यावरचा रामजी नाईक एकदा चावडीत आला तो नवे कोरे जोडे घालूनच. बैल चोरीला गेलेला, त्या घाईत विसरला बिचारा. साहेबांनी बैलाचं काही विचारलंच नाही.

"माझ्यासमोर जोडे? गळ्यात अडकव. आणि पुन्हा कधी समोर आलास तर असंच यायचं."

तसंच त्याला भर बाजारातून तांड्याकडं लावून दिलं. आम्ही जवान मागून दात काढत होतो. आज ते आठवलं की लाज वाटते.

*

ठाण्याबाहेर एकदा फिर्यादींच्या रांगेत एक म्हातारी उन्हात अनवाणी उभी. साहेब बाहेर आले आणि त्यांचा चेहराच उतरला. गावाहून आलेली त्यांची आई होती ती.

"माय, तू इथं काहून? अन् तुझ्या वहाणा?"

"सगळेच काढून राहिले, म्या बी काढल्या. तू रागावतोस म्हने."

त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. पुढं थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली आणि सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत गेले. आम्हाला वाटलं, रजेवर गेलेत.

*

अठ्ठेचाळीस साली निजामाची सत्ता गेली आणि साहेब खादीची टोपी घालून परतले. रस्त्यात मला दिसले. मी कडक सॅल्यूट ठोकला.

"सॅल्यूट नको रे आता. नमस्कार करत जा."

मी टाचा जुळवल्या, छाती काढली, हात जोडले आणि ओरडलो, "हुकूम, साहेब!"

ते टोपी सारखी करून पुढं गेले.

*

मग पहिल्या निवडणुकीत डोंगरकडा गावातली सभा. साहेबांची लीडर म्हणून पहिलीच, बंदोबस्ताला मी. स्टेजकडं जाताना मला म्हणाले, "निवडून येणं राहू दे. ह्या लोकांच्या मनातली माझी भीती गेली नाही, तर डोक्यावरच्या टोपीला काही अर्थ नाही."

साहेब स्टेजवर चढले आणि सगळं गाव जोडे काढून उभं राहिलं.

"जोडे घाला, बाबांनो. आता तुमचंच राज हाय."

कुणी हललं नाही. साहेबांनी हात जोडले, तर लोक आणखीच घाबरले. शेवटी त्यांच्या तोंडून तो जुना आवाज निघाला, "घाला म्हणतो ना!"

सगळ्या गावानं एका दमात जोडे घातले.

साहेब मान खाली घालून उभे राहिले. तेवढ्यात हार घेऊन थांबलेल्यांच्या मागची गर्दी बाजूला सरली. रामजी नाईक अनवाणी पुढं आला. दोन्ही जोडे गळ्यात अडकवलेले.

साहेब स्टेजवरून खाली उतरले. "नाईक, काढा ते. काहून असं करून राहिले?"

"हुकूम तुमचाच व्हता, साहेब," रामजी म्हणाला. "फिरवला म्हनून कुनी सांगितलं न्हाई."