जीप पारखणारे आमचे मामासासरे

जुनी जीप घ्यायला जाताना ज्यांना सोबत नेल्यावाचून जाऊ नये, आणि सोबत नेल्यावर आपण हे काय करून बसलो असे ज्यांच्यामुळे हमखास वाटते, असे गृहस्थ साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच होते. ते माझ्या बायकोचे सख्खे मामा निघावेत, हा माझ्या लग्नात मला झालेला सर्वांत मोठा लाभ आहे असे मी आजही मानतो. बायकोचा क्रम त्यानंतर लागतो आणि तिला ते माहीत आहे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकते कुठे झाले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या जीपगाड्या लष्कराने लिलावात काढल्या होत्या आणि हात बदलत बदलत त्या आमच्या भागापर्यंत पोचल्या होत्या. ठेकेदार, डॉक्टर, मोठे शेतकरी असे सगळे त्या गाड्यांच्या मागे लागलेले. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी आसापर्यंत रुतते तिथून ही गाडी गुरगुरत बाहेर पडते, हे एकदा लोकांनी पाहिले आणि मग ज्याला परवडते त्यालाही ती हवीशी झाली आणि ज्याला परवडत नाही त्याला जास्तच. त्यांच्या गावात, जानेफळात, पहिली जीप आणली ती मामांनी. कापसाची आणि ज्वारीची भरपूर शेती होती, ती मामी पाहायच्या. मामा जीप पाहायचे. अंगाने आडवे, पांढरेशुभ्र धोतर, काळी टोपी, तोंडात सुपारी. आवाज इतका हळू की समोरच्याने वाकून ऐकावे लागे. मेहकरपासून लोणारपर्यंत कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की तो आधी मामांच्या ओट्यावर येऊन बसायचा. मामा कुणालाही नाही म्हणत नसत आणि त्यासाठी चहापलीकडे काही घेत नसत.

त्यांची पहिली अट अशी, की गाडी पाहायला जायचे ते भल्या सकाळी, मालकाची आंघोळ व्हायच्या आत. गेल्या गेल्या ते कुणाला रामराम करायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवीत. बॉनेट कोमट लागले की आल्या पावली परत. त्यांचे म्हणणे असे, "थंडी गाडी खरं बोलते. गरम गाडी मालकासारखं बोलते." मी गुरांचा डॉक्टर. लोणारच्या दवाखान्यात माझी नेमणूक होती आणि बैलाच्या कानाला हात लावून मी ताप सांगत असे, त्यामुळे मला हे शास्त्र एकदम पटले. मेहकरच्या एका ठेकेदाराला मात्र पटले नाही. पाहुणे येणार म्हणून त्याने पहाटेच उठून इंजिन सुरू करून ठेवले होते, पोहेही तयार होते. मामांनी बॉनेटला हात लावला आणि वळले. ठेकेदार मागे धावत आला, "निदान पोहे तरी खाऊन जा हो." मामा थांबले, पोहे खाल्ले, चवीची तारीफ केली आणि गाडीबद्दल अवाक्षर न बोलता निघून आले.

बॉनेट थंड लागले तर मात्र त्यांना सगळा दिवस पुरत नसे. आधी ते समोर बाज टाकून बसत आणि चहा संपेस्तोवर गाडीकडे नुसते पाहत राहत. गाडी उभी कशी राहते हे पाहायचे असते म्हणे. एका अंगाला किंचित कलली असेल तर त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे थकलेले. मग मालकाला एकही प्रश्न न विचारता ते स्वयंपाकघराच्या दाराशी जात आणि घरच्या बाईला विचारीत, "काहो ताई, गाडी कशी हाय?" या एका प्रश्नाने किती संसारांत वादळे झाली असतील त्याची गणती नाही. दुसरबीडजवळच्या एका गावात मालक तासभर गाडीचे गुणगान गाऊन दमला होता. आतून त्याची बायको शांतपणे म्हणाली, "चांगली हाय की. उतारावर लावली तं एकटा माणूस सुरू करते. सपाटीवर आमाले सगळ्याइले ढकला लागते." मालकाने कपाळाला हात लावला. मामांनी त्या बाईंना हात जोडले.

नव्या रंगाचे त्यांना वावडे होते. चकचकीत गाडी दिसली की ते दोन पावले मागेच येत. मग सोबत आणलेली जुनी चादर जमिनीवर अंथरून, ते शुभ्र धोतर सावरत, तो भारदस्त देह गाडीखाली सरकत जाई. बाहेर फक्त पायांचे तळवे दिसत. आतून टक, टक, टक असा आवाज येत राही. कमरेचा अडकित्ता काढून ते चासीच्या पट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जात. निरोगी लोखंड खणखणीत वाजते आणि तडा गेल्यावर वेल्डिंगचा डाग देऊन, वर रंग फासून झाकलेल्या जागी आवाज बसतो. आवाज बसला की ठोकणे थांबे. त्या शांततेत मालकाचा चेहरा पाहण्यासारखा असे. मग गाडी नाल्यात न्यायची, वाळूत उतरवायची, पुढच्या चाकांना जोर देणारा लहान दांडा टाकून काठ चढवायचा, उतारावर गिअर आपोआप सुटतो का पाहायचे. हे सगळे चालले असताना मामा डोळे मिटून ऐकत बसत. गाडी तेच चालवीत असल्यामुळे सोबतच्यांना याची काळजी वाटे.

आणि शेवटी किंमत. ती ते एकदाच सांगत, घेणारा आणि विकणारा दोघांच्या देखत. "हिची किंमत इतकी." यात वर-खाली काही नाही. आपण कुणाच्या बाजूने आलो आहोत हे त्या क्षणी ते साफ विसरलेले असत, किंवा मुळात त्यांना ते कधी माहीतच नसे.

याचा पुरता अनुभव मी घेतला तो माझ्याच गाडीच्या वेळी. दवाखान्याच्या हद्दीतली गावे लांब लांब, रस्ते नावालाच. अडलेली गाय सोडवायला मी सायकलवरून पोचेपर्यंत बरेचदा सगळे संपलेले असे. मालकाचे ते खाली घातलेले डोळे मला घरी आल्यावरही दिसत राहायचे. जीप मला हौसेसाठी नको होती. दोन वर्षे मामांनी माझ्यासाठी गाड्या पाहिल्या आणि नापास केल्या. मी चिडलो की म्हणायचे, "जवाईबुवा, तुमाले गाडी पायजे का गाडीचा रंग पायजे?" मग एक दिवस कळले की देऊळगाव राजाला एका वकिलांची जीप विकायची आहे. वकील वारले होते आणि गाडी परसात टिनाच्या छपराखाली उभी होती. वकीलीणबाई एकट्याच राहत. त्यांनी दोन हजार मागितले होते आणि माझ्याजवळ कसेबसे तेवढेच होते.

आम्ही सकाळी पोचलो. बॉनेट थंड. मामांनी चहा घेत गाडी न्याहाळली, चादर अंथरली, आत गेले. टक टक सुरू झाली आणि ती कुठेही न थांबता पार मागच्या टोकापर्यंत गेली. मी मनातल्या मनात गाडीत बसलोसुद्धा. मामा बाहेर आले, धोतर झटकले आणि वकीलीणबाईंना म्हणाले, "बाई, हे दोनची गाडी नाई. तीन हजाराची हाय."

मी छपराच्या खांबाला धरले. वकीलीणबाई चष्म्यातून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "किंमत वाढवून सांगणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही. तुमचा यात काहीतरी डाव आहे. मला गाडी विकायची नाही."

मामांना डाव या शब्दाचा राग आला नाही. ते पायरीवर बसले आणि हळू आवाजात त्यांनी गाडीचे एकेक दुखणे सांगायला सुरुवात केली. ब्रेक धरत नाही. पुढचा डावा पाटा तुटायला आला आहे. पाण्याची टाकी झिरपते. "हे सगळं धरून तीन. नाईतं जास्त झाली असती." बाईंनी विचारले, "मग तुम्ही जास्त का देता आहात?" मामा म्हणाले, "मी देऊन नाई राह्यलो. देनार हे हायत," आणि माझ्याकडे बोट दाखवले. "मी फक्त किंमत सांगून राह्यलो."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. एवढ्या वेळात त्यांचा संशय गेला होता आणि त्या जागी वकिलाच्या घरातला ताठा आला होता. "मी दोन हजार बोलले आहे. एका पैशानं जास्त घेणार नाही." मामा म्हणाले, "तिनाच्या खाली म्या माह्या भाचीच्या घरात गाडी येऊ देनार नाई." आणि मग दुपारपर्यंत मी जगातला सर्वांत विचित्र सौदा पाहिला. गिऱ्हाइकाकडचा माणूस भाव वर ओढतो आहे, मालकीणबाई खाली ओढताहेत, आणि ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला कुणी काही विचारत नाही. शेवटी बाईंनीच तोड काढली. त्यांचे माहेर चिखलीला. यजमान असताना दर दिवाळीला याच गाडीतून त्या भावाकडे जात. "दोन हजार घेते," त्या म्हणाल्या, "आणि दर दिवाळीला डॉक्टरांनी मला चिखलीला सोडायचं, आणायचं. एस.टी.त मला बसवत नाही." मामांनी डोळे मिटून गाडीचा आवाज ऐकावा तसे ते ऐकले आणि मान हलवली. "हे बरोबर बसलं."

पुढे कितीतरी दिवाळ्या मी त्या बाईंना चिखलीला नेले. वाटेत त्या मला ब्रेक कधी लावायचा ते सांगत. त्याच गाडीने मी कितीतरी गायी-म्हशींपर्यंत वेळेवर पोचलो, आणि तिच्या चासीने मला एकदाही दगा दिला नाही.

मामांची स्वतःची जीप मात्र या सगळ्यांत न्यारी. तिची तपासणी कधी झालीच नव्हती, कारण ती मामांची होती. पण मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया करून घेतली, तरी एका डोळ्याने जवळजवळ दिसेनासे झाले. एक दिवस भर उजेडात गाडी कडब्याच्या गंजीत शिरली आणि मामा आत बसून गंजी कोणी इथे आणली म्हणून विचारू लागले. त्या दिवशी मामींनी चावी आपल्या पदराला बांधली. "आता गाडी इका," एवढेच त्या म्हणाल्या, आणि मामांनी जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला नाही.

गिऱ्हाइके येऊ लागली. मामा प्रत्येकाला गाडीची दुखणी इतक्या आस्थेने सांगत की निम्मे लोक तिथूनच परतत. उरलेले विचारीत, "किंमत काय घेता?" आणि मामा उठून आत जात. पाणी पिऊन येतो म्हणून जात ते येतच नसत. साऱ्या तालुक्याच्या गाड्यांची किंमत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून हा एक आकडा काही निघेना. मामींनी मला निरोप पाठवला, "तुमीच या आता."

मी सकाळी गेलो. मामा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "माही मले नाई सांगता येत, जवाई. तुमी पाहा. आन् माह्याकडे पाहून बोलू नका." त्यांनीच चादर काढून दिली, अडकित्ता दिला. मी गाडीखाली गेलो. टक टक करत मागच्या भागापर्यंत आलो आणि तिथे आवाज बसला. जुना, मोठा डाग होता, नीट दिलेला. मी थांबलो. बाहेर ओट्यावरही पूर्ण शांतता होती. त्यांनी ऐकले होते हे मला ठाऊक होते, आणि मी ऐकले हे त्यांना.

बाहेर येऊन मी हात पुसले. शेजारी मामी उभ्या होत्या. मी म्हणालो, "अठराशे."

मामांनी माझ्या हातातून अडकित्ता परत घेतला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेले. "सोळाशे," ते म्हणाले. "दोनशे तुमी मामासासरा म्हनून लावले. माह्याजोळ हे नाई चालत." आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आता त्यात जीव आला होता. त्याच आठवड्यात गाडी सोळाशेला गेली. घेणारा गावातलाच, नव्याने दवाखाना थाटलेला एक तरुण डॉक्टर. बौद्धवाड्यातल्या शिक्षकांचा मुलगा, नागपूरला शिकून आलेला. त्याने घासाघीस केली नाही. उलट जाताना म्हणाला, "मामा, आवाजाचं मले काही समजत नाई. मधून मधून ऐकून द्याल का?"

तो मधून मधून रोज येऊ लागला. खेड्यात रोगी पाहायला जाताना ओट्यासमोर गाडी उभी करायचा आणि मामा टोपी घालून तयारच असायचे. मामी म्हणायच्या, गाडी घरात होती तेव्हा हे एवढे फिरले नव्हते. एकदा ते दोघे लोणारला माझ्याकडे आले. जेवणे झाली. मामा थकल्यासारखे दिसत होते, त्या तरुण डॉक्टरच्या हाताला धरून चालत होते. पुढच्या हिवाळ्यात ते वारले, आणि मी त्यांना पाहिले ते हेच शेवटचे. निघताना मी त्यांना गाडीत बसवले. लढाईतली ती गाडी, तिचे चालवायचे चाक डाव्या अंगाला, त्यामुळे मामांची जागा आता उजवीकडे. डॉक्टरने गाडी सुरू केली. मामांनी डोळे मिटले. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. डॉक्टर गिअर टाकी आणि प्रत्येक वेळी मामांचा डावा पाय, समोर क्लच वगैरे काही नसताना, रिकाम्या पत्र्यावर अलगद दाबला जाई आणि अलगद सुटे. गाडी एकही धक्का न खाता मेहकरच्या रस्त्याला लागली.