काचेवरचं कुंकू

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मी घेणार! बाजीराव. वरकुट्याहून बारामतीच्या एमआयडीसीत इंद्रजितशेठच्या कारखान्यात जायचे. तितं उसाच्या ट्रॉल्यांचे सांगाडे बनत्यात. आलेला लोखंडी पाइप टेपानं मोजायचा, कुठं कापला तर तुकडा वाया जाणार न्हाय ते बघायचं, खडूनं खूण करायची, हे ह्यांचं काम. अख्खी जवानी त्यात गेली. ताटात भाकरी वाढली तरी आधी नजरेनं मापायचे, मेलं खूळ!

गेल्या साली मशीन आलं. ते काचेच्या डोळ्यानं पाइप बघायचं, मापबी आपणच घ्यायचं, कुठं कापायचं तेबी आपणच ठरवायचं. "मग ह्यांचं काय?" मी शेठना तोंडावर इचारलं.

"वहिनी, बाजीराव काच पुसतील, मशीन सांभाळतील. नोकरीला धक्का नाही." माझा जीव भांड्यात पडला. येडी मी!

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असती, आमी बायाबी जातो. शेठच्या बायकोनं, राजलक्ष्मीबाईंनी, करंडा घेऊन एकेका मशीनला ओलं हळदीकुंकू लावलं. नव्या मशीनपाशी आल्या अन् अंगठा थेट त्या काचेवरच टेकवला. समद्यांनी बघितलं. मीबी.

दसरा झाल्यावर काम सुरू झालं. हे फडकं घेऊन काचेपुढं उभे ऱ्हायले अन् हात उचलंना. सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसायचं म्हंजे शेठच्या जिवाला अपशकुन! कडंकडंनं काच पुसली, कुंकू तसंच ठेवलं. मशीननं मापं चुकीची घेतली अन् दुपारपातूर ढीगभर पाइप आखूड कापून टाकले.

"मशीन तुझ्या डोळ्यात खुपत होतं, बाजीराव! मुद्दाम काचेला कुंकू फासलंस तू!" शेठनी चारचौघांत ह्यांना गेटाबाहेर काढलं. ह्या माणसानं बाईंचं नाव काढलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन मीच तितं गेले. "शेठ, कुंकू कुणी लावलं ते तुमच्या घरच्यांना इचारा की!"

राजलक्ष्मीबाई तितंच हुत्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "मी तर नारळाला लावलं होतं, बाई."

भोवती कामगार उभे. एकेक जण आपापल्या मशीनकडं वळला. माझ्या अंगाची आग आग झाली, पर ह्यांनीच माझा हात वढला. "चल घरी. त्यांच्या कपाळाचं हाय ते." ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, ते असं.

आता हे दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढत्यात. टेप तेवढा घरी आणलाय.

औंदा खंडेनवमीला मी विळा, खुरपं, कुऱ्हाड पाटावर मांडली. शेजारी टेप ठिवला. कुंकवात बोट बुडवलं तसा ह्यांनी टेप उचलून खिशात घातला.

"ह्याला नगं."

"का वो?"

"पुसायची येळ आली, तर हात उठत न्हाय माझा."

मी विळ्याला कुंकू लावलं, खुरप्याला लावलं. टेपाची जागा पाटावर मोकळीच ऱ्हायली.