हैदराबादचं मलम

आमच्या नांदेडातून बँकॉकला कुणीही गेलेलं नाही. गेलेले सगळे हैदराबादला ट्रेनिंगला गेलेले आहेत. खतांची, बियाण्यांची, पत्र्यांची, फरशीची ज्यांची म्हणून दुकानं आहेत, त्यांना कंपन्या दोन-तीन वर्षांनी एकदा हैदराबादला नेतात आणि पाच दिवसांनी ही माणसं फुलाफुलांचे शर्ट घालून परत येतात. घरी कुणी काही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, त्यामुळे इथं इतरांना नावं ठेवताना मला स्वतःलाही वगळता येणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माहेर औशाचं, सासर हिमायतनगरकडचं, नोकरी बिलोली तालुक्यात आणि घर नांदेडला. रोजचा निम्मा जन्म एसटीत जातो. नवऱ्याचं मोंढ्यात खत-बियाण्याचं दुकान आहे. मुलगी पुण्याला नोकरी करते. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली आणि त्या खुरपणीवर मुलाला शेतकी पदविका करवली.

बँकॉकचा विषय काढला तो आत्यांनी. गावाकडच्या विहारात निजलेल्या बुद्धाचं एक चित्र आहे. कुठल्याशा कॅलेंडरचं. कुणीतरी ते फ्रेम करून आणलं तेव्हा चौकट आखूड पडली. फ्रेमवाल्यानं चित्र एका बाजूनं दुमडून आत घातलं आणि बुद्धाचे पाय त्या घडीत गेले. प्रत्येक पौर्णिमेला वंदनेला बसून आत्यांनी उभ्या हयातीत तो घोट्यापर्यंतचाच बुद्ध पाहिला. गेल्या वर्षी एक भंतेजी गावात आले होते. ते म्हणाले, ही मूर्ती बँकॉकला आहे, या गल्लीएवढी लांब, आणि तिचे तळवे माणसाहून उंच, शिंपल्यांनी मढवलेले आहेत. आत्या घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "बाय, मला ते पाय बघायचेत."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनचं सांगून ठेवलेलं. त्यानंतर चालणं कितपत होईल याची खात्री त्यांनी दिली नव्हती. म्हणजे जायचं तर याच दिवाळीच्या सुट्टीत. मी ठरवलं की जायचं.

मी सरकारी नोकर, त्यामुळे सगळं रीतसर. परवानगीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला. अर्जात शहराचं नाव लिहावं लागतं. ते वाचून आमच्या स्टाफरूममध्ये जे सुरू झालं, ते बघून मला या राज्याच्या शिक्षणाची काळजी वाटली. एरवी परिपाठाला सुविचार सांगणारे, नाकानं कांदे सोलणारे हे गुरुजन. एकजण खालच्या आवाजात म्हणाले, "बँकॉक? फॅमिली घेऊन?" दुसरे म्हणाले, "म्हणजे घरचा डबा घेऊन हॉटेलात." सगळे हसले. मी म्हटलं, "सर, तुम्ही हॉटेलात काय खाता ते आज वहिनींना फोन करून विचारते." त्यानंतर सरांनी दोन दिवस माझ्याशी बोलताना खडूच्या डब्याकडं बघितलं.

लातूरच्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "बँकॉक? दाजी तयार झाले का?" आणि उगाच हसला. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. बायकांना आधी कुठलाच अर्थ कळू नये अशी आपल्याकडं व्यवस्था असते आणि ती पुरुष फार निष्ठेनं सांभाळतात.

आणि दाजी तर काही केल्या तयार होईनात.

"तिथं काय हाय बघायला?" नवरा म्हणायचा. "नुस्ता उकाडा. अन् रस्त्यावर किडे तळून विकतेत. मायला मळमळंल."

"तुम्हाला काय माहीत?"

"मोबाईलवर बघितलं."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, तिथले रिक्षावाले लई लुटतात, मीटर लावा म्हटलं की तोंड फिरवतात. तिसऱ्या दिवशी म्हणाला, हॉटेलातली गादी इतकी मऊ असते की मायची कंबर धरंल. एवढं बारीकसारीक मोबाईलवर दिसतं याचं मला कौतुक वाटलं. मग त्यानं काठमांडूचा धोशा लावला. "काठमांडूला जाऊ. बुद्ध जन्मला नेपाळातच. लई पवित्र जागा. अन् तिथं पासपोर्ट बी लागत न्हाई." विहारात कधी पाय न टाकणारा, जयंतीला वर्गणी देऊन मोकळा होणारा हा माणूस अचानक बुद्धाच्या जन्मभूमीबद्दल इतका हळवा झाला की आत्यासुद्धा त्याच्याकडं बघत राहिल्या. पासपोर्ट लागत नाही हे वाक्य त्यानं आठवडाभरात किती वेळा म्हटलं याकडं माझं लक्ष गेलं नाही. रोज पोरांच्या चाळीस वह्या तपासणारी मी, घरातला नवरा कधी तपासला नाही.

माझा आणि आत्यांचा पासपोर्ट पोस्टातल्या केंद्रातून निघाला. फोटो काढताना आत्यांनी डोक्यावरचा पदर मागं घ्यायला जरा खळखळ केली, एवढंच. नवऱ्याचा पासपोर्ट आधीचा होता. कंपनीनं सांगितलं म्हणून कधीतरी काढून ठेवला, वापरायची वेळ आली नाही, असं त्यानंच मला सांगितलेलं. ट्रॅव्हल एजंटनं तिघांच्या झेरॉक्स मागितल्या. नवऱ्याचा पासपोर्ट आधी दुकानात होता, मग सीएकडं गेला, मग सापडेना. शेवटी एका रविवारी दुपारी तो दुकानात गेलेला असताना मी कपाट उपसलं. बियाण्याच्या लायसनच्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला वर दोरा बांधलेला.

उघडला. फोटोतला नवरा चांगला दिसत होता. पानं उलटली, सगळी कोरी. पण मधलं एक पान हाताला हललं.

इथं मला माझ्या धंद्याचं सांगितलं पाहिजे. चौथीतलं पोर वहीत "गृहपाठ अपूर्ण" असा लाल शेरा मिळाला की ते पान फाडतं, सफाईनं, शिवणीजवळून, आणि निरागस तोंडानं वही पुढं करतं. त्या पोराला हे माहीत नसतं की वहीचा प्रत्येक कागद मधोमध दुमडलेला असतो. इकडचं पान फाडलं की पलीकडचं जोडीचं पान शिवणीतून सुटतं आणि हलायला लागतं. तीस वर्षं मी ते हलणारं पान धरून पोरांना उभं केलंय. पासपोर्टच्या पानांवर तर आकडेही छापलेले असतात. मी मोजले. दोन आकडे नव्हते.

मग मी आत्यांच्या फळीवरची मलमाची डबी घेऊन आले.

पाच-सहा वर्षांपूर्वी नवरा हैदराबादच्या ट्रेनिंगहून आला तेव्हा बिस्किटांचा डबा आणि ही डबी घेऊन आला होता. जाताना मीच त्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. आत्या डबीतलं मलम गुडघ्याला लावायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, हैदराबादचं मलम हाय, लेकानं आणलं. जपून वापरत होत्या, म्हणून अजून तळाशी शिल्लक होतं. डबीवरची गोल गोल अक्षरं तेलुगू आहेत असं नवरा म्हणाला आणि मी मानलं. एकदा माझी मान धरली होती म्हणून ती डबी मी शाळेत नेली. खिचडी शिजवणाऱ्या आमच्या मावशींच्या घरची बोली तेलुगू. त्या डबी फिरवून फिरवून बघत म्हणाल्या, "बाई, हे आमचं तेलुगू न्हाई." आणि मी, पदवीधर शिक्षिका, त्यांना समजावून सांगितलं की हैदराबादकडचं तेलुगू वेगळं असू शकतं. ते आठवून त्या दुपारी मला नवऱ्याइतकाच स्वतःचाही राग आला.

तो संध्याकाळी आला. मी पासपोर्ट आणि डबी चहाच्या कपाशेजारी मांडून ठेवली होती. त्यानं दोन्हीकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला, "मी तसलं काई केलं न्हाई."

मी तसल्या कशाबद्दल अजून तोंडही उघडलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं ते असं.

मग हळूहळू सगळं आलं. कंपनीनं नेलं होतं. टार्गेट पूर्ण केलेले सगळेच गेले होते. विमान हैदराबादहून होतं, म्हणजे हैदराबाद अगदीच खोटं नव्हतं. एका दुकानदार मित्रानं परत आल्यावर सल्ला दिला की शिक्क्याचं पान काढून टाक, घरी उगं कटकट नको. त्यानंही काढलं होतं. म्हणजे आमच्या मोंढ्यात अशा किती फाटक्या वह्या कपाटांत पडून असतील कोण जाणे. शेतकऱ्याला कुठलं औषध एका पंपाला किती घ्यायचं हे ही माणसं छातीठोक सांगतात आणि बायकोला भिऊन सरकारी पुस्तक फाडतात.

तो तिथं काय करून आला याचा मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला. पण त्याहून जास्त मला किळस आली ती त्या फाडण्याची. पन्नाशीचा माणूस दार लावून पलंगावर बसलाय आणि जपून, आवाज न होऊ देता पान फाडतोय, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. चौथीच्या पोराला मी निदान कोपऱ्यात उभं करू शकते.

एजंटला फोन लावला. तो म्हणाला, असा पासपोर्ट विमानतळावर अडवतील, नवीन काढावा लागेल, दंड होईल, चौकशी होईल, दिवाळीच्या आत काही जमायचं नाही. हे ऐकून नवऱ्याचा चेहरा चक्क मोकळा झाला.

"मंग पुढच्या वर्षी जाऊ की," तो म्हणाला. "न्हाईतर काठमांडू."

पुढच्या वर्षी म्हणजे ऑपरेशननंतर, हे त्याला माहीत होतं. डॉक्टरांकडं त्यानंच नेलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात आत्या आतल्या खोलीतून भिंतीला धरत बाहेर आल्या. त्यांनी किती ऐकलं होतं मला माहीत नाही. आमचं घर लहान आहे आणि माझा आवाज वर्गातला. त्या लेकासमोरच्या खुर्चीवर बसल्या. गुडघे वाकवताना त्यांचं तोंड नेहमीसारखं वाकडं झालं.

"तू त्या गावाला जाऊन आलास म्हण की."

"हाव, माय. कंपनीनं नेलं होतं."

"काहून बोलला न्हाईस?"

"राह्यलं सांगायचं."

"किती दिस होतास?"

"पाच."

आत्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट त्या जरा पुढं सरकल्या, त्यांच्या डोळ्यांत एक उत्सुकता आली, आणि मला उगाच भीती वाटली.

"मंग सांग ना," त्या म्हणाल्या. "पाय कसे हायेत?"

नवरा गोंधळला. त्यानं माझ्याकडं बघितलं, पुन्हा आईकडं बघितलं.

"कुणाचे?"

माझ्या तोंडाशी गेल्या तासाभरात जमवलेलं पुष्कळ काही होतं. चोर, भित्रा, खोटारडा, सगळं क्रमानं लावून ठेवलेलं. ते तिथंच राहिलं. आत्या लेकाकडं बघत होत्या. ज्या पोराला त्यांनी दर पौर्णिमेला मांडीवर घेऊन त्या आखूड चित्रासमोर बसवलं होतं, त्याच्याकडं.

"मंग तू गेलाच न्हाईस," त्या म्हणाल्या.

"माय, गेलो होतो ना. हाव म्हणलं की."

"न्हाई रे. तू हैदराबादलाच गेलतास."

त्यानं चहाचा कप उचलला, तो गार झाला होता, तसाच पिऊन टाकला. मी एजंटला परत फोन लावला आणि तिघांचं दोघींवर आणायला सांगितलं. एजंट विचारत होता, सोबत पुरुष माणूस कुणी नाही का. मी म्हटलं, नाही. नवरा समोर बसून ते ऐकत होता.

आत्यांनी तोवर चहाच्या कपाशेजारची डबी उचलून झाकण घट्ट लावलं आणि माझ्याकडं दिली.

"ही घे बाय आपल्या पिशवीत," त्या म्हणाल्या. "तिथं दुकानात दाखवू, असंच द्या म्हणू. लई गुण येतो."